थडगे एकीकडे, नोंद दुसरीकडे : पुण्याच्या जुन्या दफनभूमींचा शोध

पुणे शहराच्या इतिहासाची साधने म्हटली की पेशवे दफ्तरातील रुमाल, सरदारांच्या वाड्यांतील कागद आणि देवळांतील शिलालेख चटकन डोळ्यांपुढे येतात. शहरातील दफनभूमींचा या मालिकेत सहसा कोणी समावेश करीत नाही. वास्तविक गेल्या अडीचशे वर्षांत या शहरात जी नाना प्रकारची माणसे आली, राहिली आणि येथेच संपली, त्यांपैकी बहुतेकांनी कसलाही लेख मागे ठेवलेला नाही. पेशव्यांच्या चाकरीतील गोमंतकीय गोलंदाज, छावणीतील सार्जंटाची बायको, रेल्वेतील फिटर, बगदादहून मुंबईमार्गे आलेला व्यापारी, मिशनच्या शाळेतील पंतोजी यांची एकमेव खूण म्हणजे त्यांचे थडगे किंवा मृत्यूच्या नोंदवहीतील एक ओळ. ही ओळ शोधीत दूरदूरचे वंशज पुण्याला येतात. त्यांत परदेशी लोक असतात तसे या मातीतले ख्रिस्ती, मुसलमान, बेने इस्राएल आणि लिंगायत कुटुंबांतील लोकही असतात.

अशा शोधात बहुतेकांची फसगत एकाच गोष्टीमुळे होते. मृताचे थडगे, त्याच्या मृत्यूची नोंद आणि त्याचे कोरलेले नाव या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी असतील असे गृहीत धरले जाते. पुण्यापुरते तरी हे गृहीत फारच थोड्या वेळा खरे ठरते. थडगे खडकीला, नोंद लंडनला आणि नाव एखाद्या चर्चच्या भिंतीवर, अशी विभागणी येथे नित्याची आहे. ती का झाली हे समजले की शोधाची दिशा बरीचशी स्पष्ट होते.

खडकीचे उदाहरण

या विभागणीचा सर्वांत स्वच्छ नमुना खडकीच्या युद्धस्मशानभूमीत पाहावयास मिळतो. हिरवळीवर एकसारख्या शिळांच्या रांगा असलेली ही जागा पुणेकरांच्या परिचयाची आहे. दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या राष्ट्रकुलातील १,६६८ सैनिकांचे दफन येथे आहे. परंतु हे सर्व सैनिक खडकीत वारले असे मुळीच नाही. पश्चिम आणि मध्य भारतातील ज्या विखुरलेल्या दफनभूमींची कायमची निगा राखणे शक्य नव्हते, तेथील थडगी एकत्र आणण्यासाठीच ही जागा तयार करण्यात आली. म्हणून खडकीच्या शिळेवरील सैनिकाच्या मृत्यूची मूळ नोंद पुण्यात शोधून सापडेलच असे नाही. तो ज्या गावच्या इस्पितळात वारला त्या गावाकडे वळावे लागते.

त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे, आणि तेथील परिस्थिती नेमकी उलट आहे. १९१४-१८ च्या युद्धकाळात हिंदुस्थानात मृत्यू पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे या स्मारकावर आहेत. त्यांची थडगी मात्र आजच्या भारतातील आणि पाकिस्तानातील निरनिराळ्या मुलकी व छावणीच्या दफनभूमींत होती व आहेत. ती नीट सांभाळणे अशक्य झाले म्हणून नावे येथे कोरली गेली. थोडक्यात, नाव खडकीला आणि देह भलतीकडे. यालाही पुन्हा एक अपवाद आहे. या नावांपैकी ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून जून १९६२ मध्ये खडकीला आणून पुन्हा पुरण्यात आले. म्हणजे या ६२९ जणांच्या बाबतीत नाव आणि अवशेष दोन्ही खडकीत आहेत, पण त्यांच्या पहिल्या दफनाची नोंद मुंबईच्या कागदांत शोधावी लागते. स्मारकासमोर उभे राहून आपल्या पूर्वजाचे नाव वाचणाऱ्याला हा तपशील ठाऊक नसेल, तर तो चुकीच्या मातीला नमस्कार करून परत जाण्याचा संभव असतो.

या दोन्ही युद्धांतील मृतांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहे. १९१७ मध्ये सनदेने स्थापन झालेल्या या संस्थेच्या कक्षेत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन कालखंडांतील सैनिकी मृत्यू येतात. ही यादी संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. या तारखांच्या बाहेर वारलेला सैनिक, मग तो कितीही शूर असो, या यादीत मिळणार नाही. दहन झालेल्या हिंदू आणि शीख सैनिकांची नावेही आयोगाच्या स्मारकांवरच शोधावी लागतात, कारण त्यांचे थडगे कोठेच नसते.

छावणीपूर्वीचे पुणे

१८१७ पूर्वीच्या पुण्यात दफनाच्या जागा होत्या त्या मुख्यतः मुसलमान वस्तीच्या, तसेच गोसावी व लिंगायत समाजांच्या. दफन म्हणजे केवळ मुसलमान आणि ख्रिस्ती यांचा विधी, ही समजूत सोडून दिल्याखेरीज या काळाचा शोध घेता येत नाही. लिंगायतांची रुद्रभूमी, संन्याशांच्या आणि महंतांच्या समाधी, अगदी लहान मुलांना पुरण्याची हिंदूंतील सर्वत्र आढळणारी रीत, या सर्वांची जागा शहराच्या नकाशात कोठे ना कोठे होती. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे मंदिर हे या दृष्टीने अवश्य पाहण्याजोगे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोसाव्यांनी उभारलेल्या या देवळात महंतांची समाधी आहे आणि भिंतीवर संस्कृतबरोबर फार्सी लेखही आहे. याउलट वानवडीची महादजी शिंद्यांची छत्री हे थडगे नव्हे. ते दहनस्थळाचे स्मारक आहे. छत्री, वृंदावन आणि समाधी यांतील हा भेद शोधयादी करताना पाळला नाही, तर यादीचा सगळाच घोळ होतो.

पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई आणि गोलंदाज बऱ्याच संख्येने होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये पुण्यातील पहिले कॅथलिक चर्च उभे राहिले. नाना पेठेच्या परिसरातील हे चर्च आजही 'सिटी चर्च' या नावाने ओळखले जाते. पेशवाईतील ख्रिस्ती माणसाचा शोध घ्यावयाचा झाल्यास प्रारंभ येथून करावा, आणि कॅथलिक नोंदवह्यांची भाषा बऱ्याचदा लॅटिन अगर पोर्तुगीज असते हे ध्यानात ठेवावे.

संगमावरील इंग्रज रेसिडेन्सीची कथा वेगळी आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली त्या वेळी ही रेसिडेन्सी जाळण्यात आली आणि एल्फिन्स्टनचे ग्रंथ व कागद त्यात नष्ट झाले. त्यामुळे त्यापूर्वी पुण्यात वारलेल्या इंग्रजांची माहिती मुंबईस व कलकत्त्यास गेलेल्या पत्रांच्या नकलांवरून मिळवावी लागते. यदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली छापली गेलेली पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची ग्रंथमाला येथे उपयोगी पडते. राजकारणाच्या पत्रांत मृत्यूच्या वार्ता ओघाने येतात, आणि सूचीत त्या नेहमीच सापडतात असे नाही. पाने चाळण्यास पर्याय नाही.

या काळातील कागदांवरील तारखांविषयी एक सूचना आवश्यक आहे. मोडी कागदांत बहुधा शुहूर सन असतो. जून ते डिसेंबर या महिन्यांसाठी त्यात ५९९ आणि जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वारले. तो शुहूर सन ११९४ होय. ढोबळपणे सर्वत्र ५९९ मिळविले, तर हीच घटना एक वर्ष मागे पडेल. मुसलमानी थडग्यांवर हिजरी सन असतो आणि कित्येकदा तो आकड्यांत नसून एखाद्या फार्सी ओळीच्या अक्षरांत गुंफलेला असतो. अक्षरांची अबजद मूल्ये मिळवून तो काढावा लागतो. हिजरी वर्ष चांद्रमानाचे, म्हणजे सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ठरावीक संख्या मिळवून भागत नाही. जंत्रीच पाहावी लागते. ज्यू थडग्यांवरील हिब्रू वर्षातून ३७६० वजा करावेत. मात्र त्यांचे नवे वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने त्या दिवसापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी ३७६१ वजा करावे लागतात. पुण्यातील ज्यूंच्या शोधात 'लाल देऊळ' या नावाने प्रसिद्ध असलेल्या सिनेगॉगच्या आवारातील डेव्हिड ससून यांची समाधी सर्वांत ठळक आहे. ते १८६४ मध्ये पुण्यात वारले.

नोंदवह्या कोणी लिहिल्या

१८१८ नंतर छावणी वसली आणि तिच्याबरोबर पाद्रीही आले. छावणीतील सेंट मेरी चर्चचा संस्कारविधी १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते झाला. तेव्हापासून पुण्यातील प्रॉटेस्टंट मृतांची नोंद बऱ्याच नियमितपणे मिळू लागते. नोंदीचे स्वरूप साधे असते. मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, हुद्दा किंवा व्यवसाय, काही काळानंतर मृत्यूचे कारण, आणि शेवटी विधी करणाऱ्याची सही. उन्हाळ्यात वारलेल्याचे दफन बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होत असे. त्यामुळे थडग्यावरील तारीख आणि नोंदवहीतील तारीख यांत एकदोन दिवसांचा फरक दिसल्यास ती चूक समजू नये. थडग्यावर मृत्यूची आणि वहीत दफनाची तारीख असण्याचा संभव अधिक.

या वह्यांच्या नकला वेळोवेळी वरिष्ठांकडे आणि तेथून लंडनला कंपनीच्या कचेरीत पाठविल्या जात. कंपनी गेली, इंडिया ऑफिस आले, तरी पद्धत चालू राहिली. आज या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन मालिका असून मुंबई इलाख्याची मालिका १७०९ पासून १९४८ पर्यंतची आहे. पुण्याच्या नोंदी याच मालिकेत शोधाव्यात. वर्षवार सूची असल्याने मृत्यूचे अंदाजे वर्ष ठाऊक असले तरी काम भागते. या नोंदींपैकी बऱ्याच आता संगणकावर शुल्क भरून पाहता येतात, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या 'फिबिस' या संस्थेने स्वयंसेवकांकडून केलेल्या सूच्या विनामूल्य उपलब्ध आहेत.

येथे दोन अडचणी संभवतात. पहिली अशी की, नक्कल ही नक्कलच असते. कारकुनाने नाव चुकीचे वाचले, ओळ गाळली, 'लेफ्टनंट' चा 'सार्जंट' केला, असे घडलेले आहे. शक्य तेथे मूळ वही पाहावी. दुसरी अडचण फौजेच्या रचनेतील आहे. पुण्यात कंपनीच्या पलटणी होत्या तशा राजाच्या, पुढे राणीच्या, पलटणीही होत्या. या दुसऱ्या प्रकारच्या पलटणी स्वतःच्या नोंदी ठेवीत आणि त्या इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडे गेल्या. म्हणून छावणीतील गोरा शिपाई मुंबई इलाख्याच्या मालिकेत मिळाला नाही, तर त्याची पलटण कोणती होती हा प्रश्न आधी सोडवावा.

मूळ वह्या कोठे आहेत हे ठरविण्यासाठी चर्चचा वंशवृक्ष माहीत असावा लागतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि इतर काही पंथ एकत्र येऊन उत्तर भारत चर्च स्थापन झाले. तेव्हा पूर्वीची स्कॉटिश किंवा अँग्लिकन वही आज याच चर्चच्या स्थानिक मंडळीकडे वा धर्मप्रांताच्या कचेरीत असण्याचा संभव अधिक असतो. अमेरिकन मेथडिस्टांच्या परंपरेतील चर्च मात्र या एकीकरणात सामील झाले नाही, त्यामुळे त्यांचे कागद वेगळे. कॅथलिकांच्या वह्या त्या त्या चर्चमध्ये असतात. पुण्याचा कॅथलिक धर्मप्रांत १८८६ मध्ये अस्तित्वात आला, हेही लक्षात असावे. या सर्व खाजगी संस्थांच्या वह्या आहेत, सरकारी दप्तर नव्हे. आगाऊ पत्र लिहून, मृत्यूचे वर्ष आणि आपले नाते कळवून गेल्यास पाद्री सहसा मदत करतात. रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी जाऊन कपाट उघडण्याचा आग्रह धरणाऱ्याची मात्र निराशा होते, आणि ती योग्यच म्हटली पाहिजे.

ज्यांची नोंद झाली नाही

या नोंदवह्या वाचताना त्यांत कोण नाही हेही जाणवत जाते. गोऱ्या सार्जंटाचे तान्हे मूल वारले तर 'अमक्याचा अर्भक पुत्र' एवढीच ओळ असते. मुलाच्या हिंदी आईचे नाव कित्येकदा नसतेच. स्त्रीची नोंद बहुधा 'अमक्याची पत्नी' अशी होते. एतद्देशीय ख्रिस्ती माणसाचे फक्त पहिले नाव आढळते, आणि तेही रोमन लिपीत लिहिणाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे. एकच नाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. अशा वेळी नावावरून शोध घेण्याचा हट्ट सोडून तारखेवरून शोध घ्यावा. घरातील बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेली तारीख, एखादे पत्र, एवढा आधार पुरतो. एतद्देशीय ख्रिस्ती मंडळींसाठी तर अहमदनगरहून १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचे जुने अंक इंग्रजी नोंदवह्यांपेक्षा अधिक बोलके ठरतात. त्यांत मृताचे गाव, स्वभाव आणि आप्त यांचा उल्लेख मराठीत येतो.

हिंदी शिपायांचे नाव कोरले जाण्याचे प्रसंग तर विरळच. भीमेकाठी पेरणे येथील जयस्तंभ हा त्यांतला एक. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे त्या स्तंभावर आहेत. तेथे नावे आहेत, पण तो स्तंभ म्हणजे कोणाचे थडगे नव्हे.

सर्वसामान्य माणसाच्या मृत्यूची नोंद चर्चच्या किंवा मशिदीच्या कपाटात नसून महसूल खात्याच्या दप्तरात असण्याची शक्यता अधिक. गाव नमुना १४, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले 'कोतवाल बुक', ही गावोगावची जन्म-मृत्यूची वही होती. जुनी पुस्तके बहुधा मोडीत असून तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेमुळे ही पुस्तके मोठ्या प्रमाणावर उघडली गेली. दफनाचा शोध घेणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग आहे. हडपसर, वानवडी, येरवडा ही आज शहराचे भाग झालेली ठिकाणे पूर्वी स्वतंत्र गावे होती. तेथे वारलेल्या माणसाची नोंद पुणे नगरपालिकेत न मिळता हवेली तालुक्याच्या दप्तरात मिळू शकते. छावणीच्या हद्दीत वारलेल्याची नोंद छावणी मंडळाकडे असे. कोतवाल बुकात मृताची जात, वय आणि मृत्यूचे कारण मिळते, दफनाची जागा मात्र मिळत नाही. ती समाजाच्या रिवाजावरून ताडावी लागते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा १९७० पासून अंमलात आला आणि नोंदणीत एकसूत्रता आली. त्यानंतरच्या मृत्यूंचा शोध तुलनेने सुलभ आहे.

जागा कशी ओळखावी

दफनभूमी हीच नाहीशी झाली असेल तर? शहर वाढत गेले, रस्ते रुंद झाले, आणि कित्येक जुन्या जागांवर आता दुसरेच काही उभे आहे. अशा वेळी भूमी अभिलेखाचे कागद साक्ष देतात. नगर भूमापनाचे जुने नकाशे आणि मालमत्ता पत्रक, खेड्यांच्या बाबतीत सातबारा आणि गाव नकाशा यांवर कबरस्तान वा स्मशान अशी नोंद असते. छावणीतील जमिनीसाठी संरक्षण संपदा अधिकाऱ्यांकडील सर्वसाधारण जमीन नोंदवही पाहावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांत थडग्यांसाठी स्वतंत्र खूण आहे; दोन निरनिराळ्या काळांतील नकाशे शेजारी ठेवले की जागा केव्हा लोपली याचा अंदाज येतो. दर्गे आणि कबरस्ताने यांच्या बाबतीत वक्फ मंडळाचे दप्तर आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील धर्मादाय आयुक्तांची नोंदवही ही दोन्ही तपासावीत. जुने दर्गे एकेकाळी एकीकडे आणि पुढे दुसरीकडे नोंदले गेल्याची उदाहरणे आहेत.

छापील याद्यांचाही आधार आहे. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटियरच्या पुणे खंडात, म्हणजे अठराव्या खंडाच्या तीन भागांत, गावोगावच्या प्रेक्षणीय स्थळांबरोबर थडग्यांचेही उल्लेख येतात. १९१२ मध्ये मुंबई सरकारने इलाख्यातील ऐतिहासिक थडग्यांची व स्मारकांची सुधारित यादी छापली. मराठवाडा आणि विदर्भ या बाबतीत अधिक भाग्यवान आहेत. क्रॉफ्टन या अधिकाऱ्याने मध्यप्रांत व वऱ्हाडातील थडग्यांवरील लेखांची यादी १९३२ मध्ये आणि निजामाच्या राज्यातील लेखांची यादी १९४१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यामुळे कामठी, नागपूर, जालना, औरंगाबाद येथील पुसले गेलेले कित्येक लेख निदान कागदावर तरी शिल्लक आहेत. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या 'बॅक्सा' या ब्रिटिश संस्थेने दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या पाहण्या केल्या. तिचे कागदही ब्रिटिश लायब्ररीत ठेवले आहेत.

आणि कधी कधी कागदापेक्षा लोकस्मृती टिकाऊ ठरते. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथे १८०९ मध्ये कर्नल वॉलेस नावाचा इंग्रज अधिकारी वारला. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धात वेलस्लीच्या हाताखाली लढलेल्या या माणसाला आसपासच्या शेतकऱ्यांनी 'सत्पुरुष' ठरविले आणि त्याच्या थडग्यापुढे ऊद जाळण्याची व नैवेद्य दाखविण्याची प्रथा पडली. शत्रूपक्षाच्या सेनानीची अशी पूजा का झाली, याचा उलगडा कोणत्याच दप्तरात होत नाही. परंतु ज्या थडग्यापुढे दिवा लागतो त्याचे दगड कोणी उचलून नेत नाही, हे खरे. तेव्हा जुन्या जागेच्या शोधात निघालेल्याने गावातील गुरव, मुजावर, कबर खोदणारे आणि म्हातारी माणसे यांना विचारल्यावाचून परत फिरू नये.

प्रत्यक्ष जागेवर

दफनभूमीत जाण्याचा योग्य काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर वाढलेले गवत तोवर वाळलेले असते आणि सापांचे भयही कमी असते. सोबत एक जण असावा, आणि व्यवस्थापनाची परवानगी आधी घेतलेली असावी.

पुण्याचा काळा दगड कठीण असतो, त्यावर बारीक अक्षर नीट उठत नाही. म्हणून थडग्याचे बांधकाम स्थानिक दगडात आणि लेख मात्र संगमरवराच्या अगर पाटीच्या दगडाच्या फलकावर कोरून तो आत बसविण्याची पद्धत होती. हेच फलक पुढे चोरीस गेले. आज कित्येक थडग्यांवर फलकाच्या जागी एक रिकामी चौकट तेवढी दिसते. तरीही आकारावरून काळाचा अंदाज बांधता येतो. उंच सूच्या, घुमट्या आणि चौथरे हे बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील. प्रॉटेस्टंट थडग्यांवर क्रूस सर्रास दिसू लागतो तो त्या शतकाच्या मध्यानंतर. निनावी थडग्याचा काळ असा ठरविला, शेजारच्या थडग्यांच्या तारखा टिपल्या, आणि मग नोंदवहीतील त्या वर्षांची नावे ताडून पाहिली, तर कधी कधी नाव परत मिळते. पटकीची साथ आलेल्या वर्षी ही युक्ती चालत नाही, कारण त्या वर्षी नोंदीही दाट आणि थडगीही दाट असतात.

झिजलेला लेख वाचण्यासाठी सकाळचा किंवा सायंकाळचा तिरपा प्रकाश उत्तम. दुपारी डोक्यावर ऊन असताना जी अक्षरे मुळीच दिसत नाहीत ती सकाळी आठ वाजता स्पष्ट उठून दिसतात. झाडाच्या सावलीतील दगडावर आरशाने बाजूने कवडसा पाडावा. तारेचा ब्रश, आम्ल, खडू किंवा रंग यांचा उपयोग मुळीच करू नये. खडूने अक्षरे भरून छायाचित्र चांगले येते खरे, पण खडूचे कण दगडात बसतात आणि पुढच्या वाचकाचे काम अवघड होते. साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरेसा आहे. पोपडे सुटलेल्या दगडाला तेही लावू नये.

लेखाची नक्कल ओळीस ओळ अशी करावी. दगडावर जेथे ओळ तुटते तेथेच वहीत ओळ तोडावी, न लागलेल्या अक्षरांच्या जागी तेवढेच ठिपके द्यावेत, आणि तर्काने भरलेले अक्षर कंसात ठेवावे. थडग्याची जागा प्रवेशद्वारापासून पावलांनी मोजून आराखड्यात दाखवावी; केवळ छायाचित्रावरून दहा वर्षांनी तेच थडगे पुन्हा सापडत नाही. आता दूरध्वनी यंत्रावरूनही अक्षांश-रेखांश मिळतात, तेही लिहून ठेवावेत, परंतु पावलांचे माप सोडू नये. दाट झाडीत यंत्र काही मीटर इकडेतिकडे दाखविते, आणि जुन्या दफनभूमीत दोन थडग्यांतील अंतर बहुधा त्याहून कमी असते.

चर्चच्या आतील भिंतीवरील स्मृतिफलक स्वतंत्र यादीत टिपावेत. सेंट मेरी चर्चमध्ये असे फलक पुष्कळ आहेत. त्यांत दूरच्या मोहिमांत पडलेल्यांचीही नावे आहेत, म्हणून प्रत्येक फलकापुढे 'येथे दफन' की 'केवळ स्मरण' हे ठरवून लिहिणे अवश्य आहे. फलकाच्या मजकुरात मृत्यूचे गाव दिलेले असल्यास त्याच गावच्या नोंदवहीकडे वळावे.

राहता राहिली ती वह्यांच्या सुरक्षिततेची बाब. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरांतील कागद एका दिवसात चिखल होऊन गेले. ज्या वहीची नक्कल अन्यत्र गेली होती तिची माहिती अशा आपत्तीत वाचते; जिची एकच प्रत आहे ती कायमची जाते. मुंबई इलाख्यातील युरोपीय मृतांच्या नोंदी लंडनच्या नकलांमुळे दुहेरी आहेत. दर्ग्याच्या मुजावराची वही, रुद्रभूमीच्या पंचांचे टिपण, लहानशा मंडळीतील मराठी दफनवही यांची दुसरी प्रत बहुधा कोठेही नाही. दफनभूमीची पाहणी करणाऱ्यांनी प्रथम याच वह्यांची छायाचित्रे, मालकांच्या संमतीने, घ्यावीत. त्यांचा एक संच त्याच संस्थेकडे, दुसरा पुणे पुराभिलेखागारात आणि तिसरा एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावा. छायाचित्रांच्या प्रत्येक संचावर वहीचे नाव, पाने किती, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतची आणि मूळ वही कोणाच्या ताब्यात आहे, या चार गोष्टी मराठीत लिहिलेल्या असाव्यात.